माणसाच्या मापाचं टाकं

तुम्ही बघत होतात. तुम्हाला सगळं दिसत होतं आणि तरी तुम्ही गप्प बसलात. पाच महिन्यांचं पोर उघड्या खडकावर उताणं पडलेलं, टोपडं एका कानावरून सरकलेलं, आणि तुम्ही नुसते बघत राहिलात. एवढी सत्ता आहे ना तुमची? मग एखादी शेळी मध्ये घालायची होती. पावसाची सर सोडायची होती. माझी जीभ तेवढ्यापुरती लुळी पाडली असती तरी चाललं असतं. यातलं काही केलं नाहीत, आणि आता सगळे घरोघर पोचून कामाला लागल्यावर त्या लेकराच्या अंगात शिरून जाब विचारताय. मोठ्यांना विचारायची हिंमत नाही म्हणून लहान्याला धरलंत. लाज नाही वाटत?

हे योगिनी कुणाला म्हणत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. देवाला म्हणावं, तर तिच्या घरातल्या देवाला ती अरेतुरे करायची. बारीकसारीक गोष्टींवरून त्याच्याशी भांडायची आणि लगेच गोडही बोलायची. हे ‘तुम्ही’ दुसऱ्याच कुणासाठी होतं. ज्याचं नाव घ्यायचं नसतं, पण जो आहे हे माणसाला पोटातल्या गोळ्यावरून कळतं, अशा कुणासाठी. हॉलंडातल्या फेल्डहोवनच्या सुपरमार्केटात दह्याच्या फळीसमोर ती उभी होती. फोन कानाशी, ट्रॉली आडवी. मागची डच म्हातारी ‘जरा सरकता का’ म्हणत होती, हसून, दुसऱ्यांदा, आणि योगिनीला ते ऐकू येत असून कळत नव्हतं. कानात प्रांजलीचा, त्या बाळाच्या आईचा आवाज होता. व्हॉइस मेसेज. नीलला ॲडमिट केलंय योगिनीताई, ताप उतरतच नाहीये, पाठीतनं पाणी काढलंय. डॉक्टर विचारतायत की ट्रिपला कुठे कुठे नेलं, कशावर ठेवलं. ते टाकं नक्की कसलं होतं हो? प्लीज लवकर सांगा. मागे कसलं तरी यंत्र टिकटिक करत होतं आणि त्याच्याही मागे कुणीतरी बारीक आवाजात रडत होतं. ते बाळ नव्हतं. बाळाच्या रडण्यात जोर असतो.

टाकं कसलं होतं ते योगिनीला माहीत होतं. सहलीच्या अख्ख्या गटात ते तिला एकटीलाच माहीत होतं, असं तिला वाटत होतं.

तिचा धंदाच तसा होता. शिरीषच्या व्हिसाचं शेपूट धरून ती या देशात आली. शिरीष चिपांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि ही त्याची डिपेंडंट. हा शब्द रेसिडन्स कार्डावर वाचला त्या दिवशी ती पायखान्यात जाऊन बसली होती, दार लावून. मग तिने हट्टाने डच शिकून घेतलं. नुसतं भाजी घेण्यापुरतं नाही, भांडण्यापुरतं. आणि एकदा स्वस्त विमान मिळालं म्हणून दोघं बल्गेरियाला गेली आणि तिथल्या डोंगरात तिला आपल्या धंद्याचं बीज सापडलं. पॅरिस आणि स्वित्झर्लंड विकणारे पायलीला पन्नास होते. पण इथे उंच सुळके होते, त्यांत कोरलेल्या पायऱ्या होत्या, कड्यात ओळीने खोदलेले कोनाडे होते, दगडावर दगड ठेवून केलेली घरं होती. थ्रेशियन नावाच्या लोकांची ही पुरातन देवस्थानं. त्या लोकांनी स्वतःबद्दल फारसं काही लिहून ठेवलं नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी ज्याला जे सांगायचं ते सांगायला मोकळीक. योगिनी तिथे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, अरे, हे तर आपले गड आणि लेणी. मराठी माणूस सुट्टीत नुसता वाळूवर पडून राहू शकत नाही, त्याला काहीतरी चढायला लागतं आणि वर गेल्यावर दशम्या सोडायला लागतात. तिने जाहिरातीत तेच लिहिलं आणि पहिल्याच मे महिन्याच्या सुट्टीत मिनीबस भरली.

तिथला वाटाड्या रुमेन. हा गडी हॉलंडच्या टोमॅटोच्या काचघरांत उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेला, त्यामुळे इंग्रजी शून्य आणि डच फाडफाड. तो डचमध्ये सांगणार, योगिनी मराठीत. मध्ये दुसरं कुणी नाही. कारण बसमधली ही सगळी हुशार मंडळी, हूफडॉर्पच्या काचेच्या ऑफिसांतली आणि फेल्डहोवनच्या बंगल्यांतली, वर्षानुवर्षं इथं राहून ‘दांक यू वेल’ एवढ्या आभाराच्या पुढे सरकलेली नव्हती. ऑफिसात इंग्रजी चालतं ना, मग कशाला, असं म्हणणारी. त्यांनी आपले कान योगिनीच्या ताब्यात दिले होते.

पहिल्या सहलीत ती खरं सांगायची. दगडांच्या एका घरापाशी रुमेन म्हणाला की हे थडगं आहे, तिने तसंच मराठीत सांगितलं. तर बसमधल्या एका आजींनी हातातली दशमी खाली ठेवली. म्हणाल्या, अगं बाई, आधी सांगायचंस ना, आता अंघोळ केल्याशिवाय घास उतरायचा नाही. त्यांचं बघून दुसऱ्या, मग तिसऱ्या. अख्खी बस उलटी फिरवून हॉटेलवर नेली आणि भर दुपारी सगळ्या बायका न्हायल्या. रुमेन बाहेर सिगारेट ओढत विचारत होता, मेलं कोण? तो मेला त्याला तीन हजार वर्षं झाली हे कुणी त्याला समजावायचं. त्या दिवसापासून योगिनीने नियम केला. थडगं, राख, बळी, प्रेत हे शब्द पिशवीच्या तळाशी. राखेच्या मडक्यांसाठी खोदले असावेत असं रुमेन ज्यांच्याबद्दल म्हणायचा, ते कोनाडे दिव्यांचे झाले. बळीचा दगड नैवेद्याचा झाला. आणि माथ्यावरची, खडकात खोदलेली ती लांबट खाच, तिचं टाकं झालं. सूर्यदेवाच्या अंघोळीचं टाकं. लोक खूश, फोटो छान, दशम्या संपत होत्या. यात कुणाचं काय वाईट झालं? तिने कितीदा तरी स्वतःला हा प्रश्न विचारला होता आणि आजवर उत्तर एकच यायचं, की कुणाचंच नाही.

तिने ट्रॉली तिथेच सोडली. दूध, कोथिंबीर, सगळं तसंच. स्टेशनच्या बसमध्ये बसल्यावर तिने प्रांजलीला लिहिलं की येते मी, समोरच सांगते. हे लिहिताना तिला कळत होतं की हे नुसतं वेळ काढणं आहे. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण ती दोन वाक्यं तोंडातून बाहेर पडली की ती कुठे जाऊन बसतील, बाळाच्या छातीवर बसतील का, हे तिला दिसत नव्हतं. शिरीषला फोन केला. त्याने ऐकून घेतलं. तो नेहमी ऐकून घेतो, यंत्राचा बिघाड ऐकावा तसा. म्हणाला, हे बघ, इन्फेक्शन आहे. तिथे शेळ्या होत्या ना? लेंड्या होत्या, पालापाचोळा होता? ते सांग, ते डॉक्टरच्या कामाचं. थडग्याचं कशाला काढतेस? थडग्यावर अँटिबायोटिक नसतं. आणि मग जरा थांबून, तू उचललं होतंस त्याला, ते नको बोलूस. योगिनीने विचारलं, का? तर तो म्हणाला, काही नाही, उगाच. नवराच तो. त्यालाही तेच सुचलं होतं जे तिला सुचलं होतं आणि दोघांनाही ते बोलायचं नव्हतं.

आगगाडी सुटली. दोन्ही बाजूंना सपाट, हिरवं, पाण्याच्या चरांनी कापलेलं रान. या देशात लपायला एक उंचवटा नाही, सगळं उताणं पडलेलं. तिला ते रान बघवेना, म्हणून तिने डोळे मिटले, आणि मिटल्याबरोबर खडक आला. पायाखालचा तो खरबरीत, उन्हाने वरून ऊन आणि आतून गार असलेला खडक. गेल्या आठवड्यातली सकाळ. चढताना मंजूषाकाकू सगळ्यांच्या पुढे होत्या. कुशलची आई, प्रांजलीच्या सासूबाई, कऱ्हाडकडच्या, सुनेच्या बाळंतपणाला म्हणून आलेल्या. लुगड्याखाली पांढरे बूट, हातात काठी, आणि मागे राहिलेल्या तरण्या पोरांना टोमणे मारत. काय रे, कम्प्युटरला पाय नसतात, पण तुम्हाला तरी आहेत ना? कुशल बाळाला छातीशी बांधून धापा टाकत होता. प्रांजली त्याच्या मागे, दर चार पावलांवर बाळाचं टोपडं नीट करत. तिचं सगळं जगणं गेले पाच महिने त्या टोपड्याभोवती फिरत होतं, आणि बसमधल्या सगळ्यांना त्याचं कारण माहीत होतं. आधीची दोन गेलेली. एक पोटातच, आणि एक बारशाच्याही आधी.

माथ्यावर वारा होता. रुमेनने टोपी काढली. तो ती तिथे नेहमी काढतो. मग त्याने दोन्ही हात छातीवर आडवे ठेवले, डोळे मिटले आणि डचमध्ये म्हणाला की इथे त्यांच्या सरदाराला असं झोपवायचे, डोकं पश्चिमेला, म्हणजे डोळे उघडले तर उगवता सूर्य दिसावा. वाक्य सुंदर होतं. योगिनीला दरवेळी ते सुंदर वाटायचं आणि दरवेळी ती ते गिळायची. तिने सांगितलं, इथे सूर्यदेवाला अंघोळ घालत, हे देवाचं टाकं. कुशल म्हणाला, वर एवढं पाणी कोण आणायचं? ती म्हणाली, पावसाचं. तिला उत्तर द्यायला क्षणभरही लागला नाही. खोटं सरावाचं झालं की ते खऱ्यापेक्षा लवकर येतं.

आणि मग काकू म्हणाल्या, पोराला देवाच्या पायावर घालू या.

प्रांजली का-कू करत होती. दगड गार आहे म्हणाली, शाल अंथरू या म्हणाली. काकूंनी शाल अंथरली नाही. त्यांनी नातवाला कुशलच्या छातीवरून सोडवून घेतलं आणि वाकून त्या खाचेत ठेवलं, नुसत्या दगडावर. तळाशी वाळका पाला होता, कोपऱ्यात शेळीच्या लेंड्या होत्या. बाळ रडलं नाही. ते वर आभाळाकडे बघत राहिलं, मोठ्या माणसासारखं, आणि त्याच्या भोवती ती खाच एवढी मोठी होती की जणू कुणी त्याला वाढायला जागा ठेवली आहे. आत्ता बोल, आत्ता, असं तिला आतून कुणीतरी ढकलत होतं. पण पंधरा माणसं फोन वर करून उभी होती. आत्ता काय सांगणार? थांबा, तुमचं पोर मी थडग्यात घातलंय? तिने रुमेनकडे बघितलं. तो बाळाकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. तेवढ्यात काकू सरळ झाल्या, खाचेकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, योगिनी, तू उचल गं त्याला.

तिने उचललं. घाईने उचललं, खाली वाकताना गुडघा खरचटला तेही तिला हॉटेलवर कळलं. आणि मग जे झालं ते ती गाडीच्या खिडकीला कपाळ टेकून पुन्हा पुन्हा बघत होती, आणि दर खेपेला तिला वाटत होतं की या वेळी तरी ते वेगळं घडेल. बाळाचं वजन हातांत आलं. मानेखाली ओलसर घाम, आंबूस दुधाचा वास, आणि त्याने मूठ वळून तिच्या जाकिटाची चेन धरली. त्याने तिच्याकडे पाहिलं. आईला नाही, आजीला नाही, तिला. आणि ‘माझा’ हा शब्द तिच्या डोक्यात नाही, हातांत आला. दंडातून कोपरात, कोपरातून बोटांत. तिने धरून ठेवलं. किती वेळ ते तिला माहीत नाही, पण प्रांजलीच्या चेहऱ्यावरचं हसू जायला पुरेल एवढा वेळ. प्रांजली पुढे आली आणि तिने बाळ हिसकावलं. हाच शब्द खरा. काकू ‘अगं थांब’ असं काहीतरी म्हणत पिशवीत हात घालत होत्या, पण वाऱ्यात ते गेलं आणि प्रांजली तोवर पायऱ्या उतरायला लागली होती.

योगिनीला मूल नाही. फेल्डहोवनमध्ये हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही, आणि न बोलणं कसं असतं ते तिला विचारा. या बायका शिकलेल्या आहेत, पगार नवऱ्यांच्या बरोबरीने घेतात, सायकलवर दोन पोरं पुढे-मागे बसवून वाऱ्यात जातात. पण पाळण्यापाशी आल्या की त्यांच्या तोंडून त्यांच्या आज्या बोलतात. नीलच्या बारशाला हूफडॉर्पच्या हॉलमध्ये ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवायला पाच जणी बोलावल्या, आणि ही सगळ्यांत जवळ उभी होती. तेव्हा कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, योगिनी, तू व्हिडिओ काढ ना, तुझा हात स्थिर असतो. तिने काढला. खरोखरच तिचा हात हलला नाही. तो व्हिडिओ अजूनही प्रांजलीच्या फोनवर असेल, त्यात सगळ्या आहेत, एक सोडून. नजर लागते, वांझेची लागते, हे कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच काय. ती स्वतः असल्या गोष्टींवर थुंकायची. पण थुंकलं म्हणून गोष्ट मरत नाही, ती ओली होऊन तशीच पडून राहते. आता या गाडीत, भर दुपारच्या उजेडात, शेजारी एक पोरगा कानात बोळे घालून सफरचंद खात असताना, तिची पाचावर धारण बसली होती. थडग्याने केलं की आपण केलं? खाचेने की हातांनी? तिने हात मांडीखाली दाबून धरले.

हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या मजल्यावर भिंतींवर जिराफ होते. आत शिरताना हाताला जेल लावायची होती. तिने लावली, मग पुन्हा लावली. नील उंच कठड्याच्या पलंगात होता. त्याच्या हाताला फळी बांधून सुई टोचलेली, गाल लालबुंद, ओठ सुकलेले, आणि तो झोपला होता की दमला होता ते कळत नव्हतं. प्रांजलीने मान वर केली, पण ती उठली नाही. तिच्या कुडत्यावर छातीपाशी दुधाचे दोन डाग होते. कुशल म्हणाला, आलात, बरं झालं, इथे दोन दिवस डॉक्टरकडून फोनवर ‘पॅरासिटामोल द्या आणि वाट बघा’ एवढंच ऐकत होतो. मग वाट बघायची कुणी, या पोराने का आम्ही? काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. त्या योगिनीकडे बघत होत्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त तिच्याचकडे.

डॉक्टर आली. तरुण डच मुलगी, केसांचा अंबाडा, पायात स्पोर्ट्स शूज. योगिनीने तिला डचमध्ये सगळं सांगितलं. शेळ्या, लेंड्या, वाळका पाला. आणि मग, शिरीषने नको म्हटलेलं असूनही, ती खाच म्हणजे थडगं आहे हेही सांगितलं. त्या पहिल्या सहलीनंतर तो शब्द ती आज प्रथमच उच्चारत होती. डॉक्टरने फक्त मान हलवली. विचारलं, गोचीड चावली होती का, अंगावर कुठे वळ दिसला का, त्याने पाला तोंडात घातला होता का? लिहून घेतलं. म्हणाली, तीन हजार वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांची मला काळजी नाही, शेळ्यांची आहे. कल्चरचा रिपोर्ट आल्याशिवाय मी काहीच सांगू शकत नाही, औषध चालू आहे. आणि गेली. एवढंच. योगिनीला वाटलं होतं की आभाळ कोसळेल, आणि त्या मुलीने आभाळ कागदाच्या कोपऱ्यात टिपून घेतलं आणि पुढच्या खोलीत निघून गेली.

मग प्रांजलीने मराठीत विचारलं, काय बोललात तुम्ही तिच्याशी इतकं?

हा क्षण होता. योगिनीच्या तोंडात सरावाचं वाक्य तयारच होतं, गुळगुळीत, शेळ्यांचं विचारत होती, बाकी काही नाही. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिने पलंगातल्या त्या फळी बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि ते वाक्य गिळलं.

“ते टाकं नव्हतं,” ती म्हणाली. “थडगं होतं. मला ठाऊक होतं.”

कुशल उभा राहिला, पुन्हा बसला. म्हणाला, म्हणजे चार दिवस तुम्ही आम्हाला जे जे दाखवलंत ते सगळं असंच? दिवे, नैवेद्य? आमच्या पोरांना स्मशानात फिरवून फोटो काढायला लावलेत? तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. योगिनीने हो म्हटलं, जवळजवळ सगळं. प्रांजली तिच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, आणि ती भीती कड्याकडे बघावं तशी सरळ योगिनीच्या हातांकडे बघत होती.

“आणि तुम्ही त्याला किती वेळ धरून ठेवलं होतंत,” प्रांजली म्हणाली. “सोडतच नव्हतात.”

काकू उठल्या. कुशलला म्हणाल्या, गप्प बस, आणि सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, मी आलेच. योगिनीचं मनगट धरून त्यांनी तिला बाहेर नेलं, जिराफांच्या बोळातून पार टोकाला, जिथे एक मोठी खिडकी होती आणि खाली सायकलींचा अफाट ढीग उभा होता. म्हातारीची पकड चिमट्यासारखी होती. योगिनी म्हणाली, काकू, मला माफ करा, मी आधीच सांगायला हवं होतं.

“काय सांगणार होतीस?” काकू म्हणाल्या. “मला दिसत नव्हतं? माणसाच्या मापाचं टाकं कोण खोदतं गं? वर रुंद आणि पायाकडे निमुळतं. पाण्याला खांदे असतात का?”

योगिनीला आधी ते समजलंच नाही. काकू सांगत होत्या, बाजारातला भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात. तू काय बोलत होतीस ते मी ऐकतच नव्हते. मी त्या माणसाच्या हातांकडे बघत होते. त्याने टोपी काढली, हात छातीवर घेतले, झालं की. मुद्दाम ठेवलं मी. दोन गेली या पोरीची. दुसरं माझ्या मांडीवर गेलं, तिला ठाऊक नाही, मी तिला सांगितलं पाळण्यात गेलं. आमच्याकडे अशा घरातलं पुढचं पोर उकिरड्यावर टाकतात. टाकायचं आणि पाठ फिरवायची. ज्याला न्यायचं असतं ना, त्याने बघावं, की हे टाकून दिलेलं, याच्यामागे रडणारं कुणी नाही. मग त्याला त्यात गोडी राहत नाही. गावोगावचे धोंडू, केरू, उकिरडू असेच म्हातारे झालेत. तुमच्या या हूफडॉर्पात उकिरडा कुठाय? कचऱ्यालासुद्धा झाकण. चार महिने मी शोधत होते. आणि तू मला नेऊन थेट थडग्यासमोर उभं केलंस. म्हटलं, उकिरड्याहून हे बरं, इथे तर तो स्वतःच राहायला असणार.

योगिनीने विचारलं, मग मलाच का उचलायला सांगितलंत, पंधरा जणं होती.

“लेकुरवाळीने उचललं तर ते नाटक असतं. तिला तिचं आहे,” काकू म्हणाल्या. “तू खरं उचललंस. तुझं तोंड मी बघितलं ना, पाठ केली तरी मान वळवून बघितलं. मी बघायला नको होतं.”

खाली एक माणूस ढिगातून आपली सायकल शोधत होता, एकेक हँडल बाजूला सारत. काकूंनी पिशवीतून एक डबा काढला, चटणीचा असतो तेवढा, झाकण उघडलं आणि तांदूळ आपल्या ओंजळीत ओतून घेतले. काही दाणे जमिनीवर सांडले. उचलणाऱ्या बाईला पसाभर धान्य द्यायचं, त्या म्हणाल्या, आणि तिने म्हणायचं की दिला. मग पोर परत आपलं. तिथेच द्यायचे होते, हे बघ, बरोबर नेलेच होते. त्या येडीने मध्येच हिसकावलं. तेव्हापासून तो आमच्या घरात चोरीचा आहे. तुझा आहे तो, आमचा नाही. चोरीचं मूल कुणाच्या घरात तगलंय? मी रोज तुला फोन लावायला घेत होते आणि ठेवत होते. म्हटलं कुशल काय म्हणेल, अमेरिका-हॉलंडात येऊन हे. मग काल त्याचे डोळे वर गेले.

योगिनी ओंजळीकडे बघत राहिली. म्हातारे हात, अंगठ्याला जुनी भेग, त्यात पांढरे तांदूळ. यात काही नाही, हे तिला ठाऊक होतं. शेळ्या आहेत, कल्चर आहे, औषध चालू आहे. दोन अक्षरं म्हणायची, दाणे खिशात टाकायचे आणि परत जाऊन प्रांजलीच्या पाया पडायचं. तिने हात पुढे केले. अर्ध्यावर ते थांबले. तिला वाटलं आपणच थांबवले, आणि मग कळलं की नाही, आपण ढकलतोय आणि ते जात नाहीयेत. दंडात, कोपरात, बोटांत ते वजन अजून होतं. ओलसर मान, चेन धरलेली मूठ. दिला म्हटलं की ते जाणार. एवढे दिवस तिला भीती वाटत होती की आपल्या हातून काही वाईट झालं. ती भीती केवढीशी होती. ही भीती त्या भीतीच्या आईची आई होती, कारण आत कुठेतरी, ज्या जागेवर ती थुंकत आली होती त्याच जागेवरून, कुणीतरी शांतपणे म्हणत होतं, का द्यायचा? त्याने माझ्याकडे बघितलं होतं. तिने तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. मागे कुठेतरी एक दार उघडलं, नर्सच्या बुटांचा पळत गेल्याचा आवाज आला, आणि प्रांजलीने कुशलला हाक मारली.

काकूंनी वळून बघितलं नाही. त्यांनी तांदळाची ओंजळ आणखी पुढे केली.

“बघतेस काय माझ्याकडे?” त्या म्हणाल्या. “बोल. देतेस का नाही?”